हृद्रोगाचे मोजमाप : कामगारांवर पडणारा भार आणि त्याचा खर्च

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर, हुगळी नदीच्या पूर्व तीरावर बजबज हे गाव वसलेले आहे. इतिहासाच्या पुस्तकांत या गावाचे नाव येते ते १९१४ साली येथे आणल्या गेलेल्या ‘कोमागाता मारू’ या जहाजामुळे. परंतु तेथील रहिवाशांच्या नित्याच्या जीवनात गावाची ओळख आहे ती तागाच्या गिरण्या, खनिज तेलाच्या प्रचंड टाक्या आणि शेजारच्या पुजाली येथील औष्णिक वीजकेंद्र यांची. हुगळीकाठच्या ताग गिरण्यांत बंगालबरोबरच बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशा येथून आलेल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केले. मुंबईच्या गिरणगावाविषयी ज्यांनी वाचले वा ऐकले आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. भोंगा, पाळ्या, हजेरीपट आणि काम मिळेल या आशेने दाराशी थांबलेले बदली कामगार ही दोन्हीकडची समान लक्षणे होत. ‘बदली’ हा शब्दसुद्धा दोन्ही ठिकाणी एकच आहे.

अशा गावातील कामगारांत हृद्रोग किती आहे, आणि त्याची किंमत कोण, किती मोजतो, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर कसे काढावयाचे? पहिला विचार सुचतो तो हजेरीपट उघडून आजारपणाच्या रजा मोजण्याचा आणि रुग्णालयाच्या दप्तरातून हृद्रोगाच्या रुग्णांची संख्या घेण्याचा. बजबज येथे कामगार राज्य विमा योजनेचे रुग्णालयही आहे. तेव्हा हे काम अवघड दिसत नाही. तथापि, या मार्गाने मिळणारा आकडा खऱ्या आकड्यापेक्षा बराच लहान असतो. तो लहान का असतो, आणि सत्याच्या अधिक जवळ जावयाचे असेल तर काय मोजावे लागते, हे या पुस्तिकेत सांगावयाचे आहे.

रोगाचे स्वरूप

हृदय हा एक स्नायू आहे आणि त्यालाही रक्ताचा पुरवठा लागतो. हा पुरवठा करणाऱ्या रक्तवाहिन्यांना हृद्‌रोहिणी म्हणतात. त्यांच्या आतल्या अस्तरात मेदयुक्त द्रव्याचे थर हळूहळू साचतात व वाहिनीचा मार्ग अरुंद होतो. एखादा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी जमली की मार्ग एकाएकी बंद होतो, आणि त्या वाहिनीवर अवलंबून असलेला स्नायूचा भाग प्राणवायूवाचून मरू लागतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो.

मोजमापाच्या दृष्टीने यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. झटका क्षणात येतो, पण त्याची तयारी वीस-तीस वर्षे चाललेली असते. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, रक्तातील कोलेस्टेरॉलचे वाढलेले प्रमाण, पोटाभोवतीची चरबी आणि शारीरिक श्रमाचा अभाव ही त्या तयारीची प्रमुख कारणे होत. यांपैकी रक्तदाब आणि मधुमेह बहुधा काहीही त्रास न देता शरीरात वास करून असतात. म्हणून जो केवळ झटके मोजतो, तो रोगाचा शेवटचा अंक तेवढा पाहतो.

हा प्रश्न थोड्या लोकांचा राहिलेला नाही. भारतातील राज्यांच्या रोगभाराचा जो विस्तृत अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार देशातील एकूण मृत्यूंपैकी हृदय व रक्तवाहिन्यांच्या रोगांनी होणाऱ्या मृत्यूंचा वाटा १९९० साली १५.२ टक्के होता. २०१६ साली तो २८.१ टक्क्यांवर गेला. हे रोग अधिक आढळणाऱ्या राज्यांत केरळ, पंजाब व तामिळनाडू यांच्या पाठोपाठ महाराष्ट्र, गोवा आणि पश्चिम बंगाल यांचीही गणना झाली होती.

कोणाला मोजावयाचे?

कोणतेही प्रमाण काढताना दोन संख्या लागतात : रोगी किती, आणि ते कितीजणांमधले. दुसरी संख्या नीट ठाऊक नसेल तर पहिलीचा उपयोग नाही. नोकरदारांचा अभ्यास शास्त्रज्ञांना पूर्वीपासून आकर्षक वाटत आला, याचे कारण हेच. कारखान्यात, रेल्वेत अथवा सरकारी कचेरीत किती माणसे आहेत, त्यांचे वय काय, काम काय, हे दप्तरात लिहिलेलेच असते.

याचे एक उत्तम उदाहरण भारतीय रेल्वेचे आहे. पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय विभागातील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९५८ ते १९६२ या काळातील सुमारे साडेअकरा लाख रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या आणि आपले निष्कर्ष १९६७ साली प्रसिद्ध केले. हृद्‌रोहिणीच्या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण दक्षिण भारतीय कर्मचाऱ्यांत एक लाखामागे १३५, तर पंजाबी कर्मचाऱ्यांत एक लाखामागे २० असे त्यांना आढळले. म्हणजे एकाच देशात, एकाच मालकाच्या नोकरीत जवळजवळ सातपट अंतर होते. या अंतराची जी कारणे त्यांनी आहारात शोधली ती सर्वमान्य झाली नाहीत. परंतु हृद्रोग हा केवळ पाश्चात्त्य देशांचा विकार असल्याचा समज या मोजणीने खोटा पाडला.

लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास याहूनही प्रसिद्ध आहे. तेथील दुमजली बसगाड्यांवर दोन माणसे काम करीत : चालक पाळीचा बहुतेक वेळ बसून असे, तर वाहक दिवसभर जिना चढत-उतरत असे. वाहकांमध्ये हृद्‌रोहिणीचा रोग कमी आढळला, आणि जो आढळला तो कमी घातक होता. शरीरश्रम हृदयाचे रक्षण करतात, या विचाराला येथून बळ मिळाले. पण मॉरिस तेवढ्यावर थांबले नाहीत. चालकाच्या नोकरीस येणारा माणूस मुळातच वेगळ्या प्रकृतीचा असेल तर? त्यांनी गणवेशाच्या नोंदी मागवल्या आणि विजारींच्या कमरेची मापे तपासली. १९५६ साली त्यांनी दाखवून दिले की, चालकांच्या कमरा तरुण वयापासूनच वाहकांपेक्षा मोठ्या होत्या. शिंप्याच्या वहीतून निघालेल्या या आकड्यांनी एक कायमचा धडा दिला. दोन गटांची तुलना करताना, ती माणसे त्या गटात आली कशी, हे आधी विचारले पाहिजे.

हाच धडा बजबजच्या गिरणीला लावून पाहावा. ज्याची प्रकृती धड नाही त्याला जड काम सहसा मिळत नाही. आणि काम करता करता ज्याची प्रकृती ढासळते तो काम सोडून जातो. यामुळे कोणत्याही दिवशी कामावर हजर असलेला समूह सर्वसाधारण लोकांहून निरोगी दिसतो. इंग्रज सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम ओगल यांनी १८८५ सालीच या भ्रमाकडे लक्ष वेधले होते. ताग गिरणीत त्यात आणखी भर पडते. झटक्यातून वाचलेला पण अशक्त झालेला परप्रांतीय कामगार गावी परत गेला, की त्याचा पुढला आजार आणि मृत्यू गिरणीच्या कोणत्याच वहीत येत नाही. बदली कामगार आजारी पडला, तर तो ‘गैरहजर’ सुद्धा ठरत नाही. तो केवळ दाराशी आलेला नसतो. आणि निवृत्तीनंतर, म्हणजे हा रोग ज्या वयात सर्वाधिक बळी घेतो त्या वयात, सर्वांचीच नावे पटावरून गेलेली असतात.

यास्तव पहिला नियम असा की, मोजणीचा आरंभ आजच्या हजेरीने न करता एखाद्या ठराविक दिवशी पटावर असलेल्या सर्वांच्या यादीने करावा. त्या यादीत बदली कामगारही असावेत. आणि नंतर त्यांपैकी कोणी काम सोडले तरी त्याचा माग घेत राहावे.

विचारणे आणि तपासणे

यादी तयार झाली. आता प्रत्येकाला ‘तुम्हाला रक्तदाबाचा विकार आहे काय?’ असे विचारून चालेल काय? भारतातच झालेल्या एका मोठ्या पाहणीने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे.

देशाच्या निरनिराळ्या भागांतील दहा उद्योगांतील कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय यांची पाहणी डॉ. के. श्रीनाथ रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि तिचे निष्कर्ष २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आले. प्रत्येक उद्योगाजवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे तेथील काम सोपविले होते. वीस ते एकोणसत्तर वर्षे वयाच्या १९,९७३ व्यक्तींना प्रश्न विचारण्यात आले, आणि १०,४४२ व्यक्तींच्या रक्ताची तपासणी झाली. पुरुषांपैकी ४०.२ टक्के आणि स्त्रियांपैकी १४.९ टक्के तंबाखूचे सेवन करीत होते. निम्म्याहून अधिक स्त्री-पुरुषांचे वजन योग्य मर्यादेपेक्षा जास्त होते.

यापेक्षाही बोलके आकडे पुढे आहेत. ‘मला मधुमेह आहे’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.३ टक्के होते. प्रत्यक्ष तपासणीत ते १०.१ टक्के निघाले. ‘मला रक्तदाबाचा विकार आहे’ असे सांगणारे १०.९ टक्के होते. प्रत्यक्ष मोजल्यावर प्रमाण निघाले २७.७ टक्के. हेच प्रमाण एक हजार माणसांच्या समूहाला लावले, तर सुमारे १०९ जण आपला विकार जाणून होते आणि जवळजवळ १६८ जण तो अंगात बाळगून बिनधास्त कामावर जात होते, असा त्याचा अर्थ होतो. हे आकडे जसेच्या तसे बजबजला लावता येणार नाहीत, कारण त्याच पाहणीत एका ठिकाणचे प्रमाण दुसऱ्याहून पुष्कळ भिन्न आढळले होते. पण विचारणे आणि तपासणे यांतील दरी केवढी असू शकते, हे त्यांवरून कळते.

तपासणीचेही शास्त्र आहे. जिना चढून आलेल्या, नुकतीच विडी ओढलेल्या किंवा साहेबापुढे उभ्या असलेल्या माणसाचा रक्तदाब वाढलेला असतो. म्हणून त्याला पाच मिनिटे शांत बसवावे, दंडाच्या जाडीस योग्य असा पट्टा बांधावा, आणि एकापेक्षा अधिक वेळा मोजून सरासरी घ्यावी. मोजणारी माणसे एकाच पद्धतीने शिकविलेली असावीत, उपकरणे वरचेवर पडताळलेली असावीत. जागतिक आरोग्य संघटनेने अशा पाहणीच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : प्रथम प्रश्नावली, नंतर उंची, वजन, कमरेचा घेर व रक्तदाब, आणि शेवटी रक्ताची तपासणी. जेथे पैसा थोडा आहे तेथे पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबले तरी चालते. रक्तदाब मोजण्यास लागतो तो एक पट्टा आणि काही मिनिटे.

याच ठिकाणी आणखी एका समजाची झडती घ्यावयास हवी. हृद्रोग हा खुर्चीत बसणाऱ्या अधिकाऱ्यांचा रोग आहे, असे पुष्कळांना वाटते. लंडनमधील सुमारे अठरा हजार सरकारी नोकरांचा जो अभ्यास १९६७ साली सुरू झाला, त्यात नेमके उलटे दिसले. सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांत या रोगाने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक होते, आणि तंबाखू, रक्तदाब वगैरे ज्ञात कारणांनी त्या अंतराचा काही भागच उलगडला. भारतातील वर सांगितलेल्या औद्योगिक पाहणीतही तंबाखू आणि वाढलेला रक्तदाब ही दोन्ही कमी शिकलेल्यांमध्ये अधिक आढळली. म्हणून गिरणीत तपासणी केवळ कचेरीपुरती ठेवणे म्हणजे रोग जेथे अधिक असण्याचा संभव आहे तेथेच न पाहणे होय.

भाराचे एकक

रोगी मोजले, तरी भार मोजला असे होत नाही. पंच्याऐंशीव्या वर्षी आलेला मृत्यू आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आलेला मृत्यू गणतीत एक-एकच भरतात; पण घरादारावर पडणारा त्यांचा भार सारखा नसतो. शिवाय जो मेला नाही, पण चार पावले चालताच ज्याला धाप लागते, त्याला कोणत्या रकान्यात घालावयाचे?

ही अडचण दूर करण्यासाठी एक संयुक्त एकक योजण्यात आले, आणि १९९३ च्या जागतिक विकास अहवालातून ते सर्वत्र परिचित झाले. मराठीत त्याला ‘विकलांगता-समायोजित आयुर्वर्ष’ म्हणता येईल. नाव लांबलचक असले तरी कल्पना सोपी आहे. अकाली मृत्यूमुळे हरवलेली वर्षे आणि आजारात कंठलेली वर्षे यांची ती बेरीज आहे. आजारातली वर्षे मात्र पूर्ण न धरता, आजार जितका तीव्र तितक्या अंशाने धरतात.

समजा, एका कामगाराला पंचेचाळिसाव्या वर्षी झटका आला. त्यानंतर तीन वर्षे तो अशक्त अवस्थेत जगला आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारला. निरोगी माणसाला त्या वयानंतर आणखी पस्तीस वर्षे मिळावयास हवीत असे मानू, आणि त्याच्या अशक्तपणाचे वजन एकदशांश धरू. मग भार झाला पस्तीस अधिक तीन-दशांश, म्हणजे ३५.३ वर्षे. यातला जवळजवळ सारा भाग अकाली मृत्यूचा आहे, हे लक्षात घ्यावे.

भारताच्या बाबतीत हा मुद्दा विशेष लागू पडतो, कारण येथे हा रोग कमावत्या वयातच घाला घालतो. ३५ ते ६४ या वयोगटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या रोगांमुळे २००० साली भारताची ९२ लाख आयुर्वर्षे हरवली, आणि २०३० साली ही संख्या १ कोटी ७९ लाखांपर्यंत जाईल, असा अंदाज २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात मांडला होता.

खर्च : कोणाच्या डोळ्यांनी पाहावयाचा?

आता पैशाकडे वळू. औषधे, शस्त्रक्रिया, रुग्णालयातील खाट यांचा खर्च सरळ दिसतो. त्याला प्रत्यक्ष खर्च म्हणतात. बुडालेले काम हा अप्रत्यक्ष खर्च होय. पण हिशेब करण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो : हा हिशेब गिरणीचा, विमा योजनेचा, कुटुंबाचा की सबंध समाजाचा?

पुढील उदाहरणातील रकमा केवळ समजुतीसाठी घेतल्या आहेत. एका कायम कामगाराची रोजची मजुरी ६०० रुपये आहे. झटका आल्यामुळे तो ६० दिवस कामावर येऊ शकला नाही. म्हणजे ३६,००० रुपयांची मजुरी बुडाली. कामगार राज्य विमा योजनेत आजारपणाचा लाभ मजुरीच्या ७० टक्के दराने मिळतो. वर्षातून ९१ दिवसांपर्यंत तो देय असतो, आणि आजारपणाचे पहिले दोन दिवस सामान्यतः सुटतात. तेव्हा ५८ दिवसांचे, दररोज ४२० प्रमाणे, २४,३६० रुपये त्याला मिळाले. उरलेले ११,६४० रुपये घराने सोसले. त्याची पत्नी २० दिवस रोजंदारीवर जाऊ शकली नाही, तिचे दिवसाला ३०० प्रमाणे ६,००० गेले. रुग्णालयाच्या फेऱ्यांत ४,००० गेले. घराची एकूण तूट झाली २१,६४० रुपये. उपचार योजनेने केले. त्याचे दीड लाख धरू.

समाजाचा एकूण खर्च काढताना काही लोक मजुरीचे ३६,००० आणि लाभाचे २४,३६० या दोन्ही रकमा मिळवतात. ही चूक आहे. लाभाची रक्कम हा नवा खर्च नसून, बुडालेल्या मजुरीचा काही भाग कामगाराच्या खिशातून निधीच्या खिशात सरकला एवढेच तिचे स्वरूप आहे. तो निधी मालक आणि कामगार यांच्या वर्गणीतूनच भरतो. १ जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा मजुरीच्या ३.२५ टक्के व कामगाराचा ०.७५ टक्के ठरविण्यात आला. तेव्हा आतापर्यंतची बेरीज ३६,०००, ६,०००, ४,००० आणि १,५०,००० मिळून १,९६,००० रुपये होते.

परंतु हिशेब येथे संपत नाही. माणूस कामावर परतला, तरी पूर्वीसारखा राहिला नाही. पुढील १५० दिवस त्याचे काम पूर्वीच्या चार-पंचमांश झाले असे मानले, तर आणखी १८,००० रुपयांचे काम बुडाले आणि एकूण रक्कम २,१४,००० झाली. हजेरीपटावर मात्र त्या दिवसांपुढे ‘हजर’ असेच लिहिलेले असते. हजर राहून होणारे हे नुकसान मोजण्यास सर्वांत कठीण, आणि म्हणून सर्वांत जास्त विसरले जाणारे आहे.

कायम कामगाराच्या जागी बदली कामगार धरला, तर चित्र पालटते. आजारपणाचा लाभ मिळण्यास सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ज्याला तेवढे दिवस कामच मिळाले नाही, त्याला ६० दिवसांचे काही मिळत नाही, आणि ३६,००० रुपयांचा सारा बोजा घरावर येतो. समाजाचा खर्च तेवढाच राहिला. तो सोसणारे खांदे मात्र बदलले.

मृत्यूच्या बाबतीत हा भेद विलक्षण तीव्र होतो. अप्रत्यक्ष खर्च मोजण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत, तो माणूस निवृत्तीपर्यंत जे कमावता ते सर्व बुडाले असे धरतात. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारलेला कामगार साठीपर्यंत आणखी बारा वर्षे, वर्षाला ३०० दिवस काम करता, तर ही रक्कम २१,६०,००० रुपये होते. (भविष्यातील पैशाचे आजचे मूल्य काढताना ती काहीशी कमी करतात.) दुसरी पद्धत १९९० नंतरच्या दशकात नेदरलँड्‌समधील अर्थशास्त्रज्ञांनी मांडली. तिच्या मते रिकाम्या जागी दुसरा माणूस येऊन कामास सरावेपर्यंतचेच नुकसान खरे. बजबजच्या गिरणीत दाराशी बदली कामगार उभाच असतो. त्याला सरावण्यास बारा दिवस लागले असे मानले, तर नुकसान ७,२०० रुपये.

एकाच मृत्यूचे हे दोन आकडे आहेत, आणि त्यांत तीनशेपट अंतर आहे. दोन्हींचे गणित बिनचूक आहे. पहिला आकडा कुटुंबाच्या उंबरठ्यावरून दिसतो, दुसरा गिरणीच्या फाटकावरून. जेथे काम मागणारे हात पुष्कळ असतात, तेथे कामगाराच्या मृत्यूने गिरणीचे फारसे अडत नाही. आणि म्हणूनच जो हिशेब केवळ गिरणीच्या बाजूने केला जाईल, तो हृद्रोग प्रतिबंधावर खर्च करण्यासारखे येथे काही नाही, असेच सांगेल. खर्चाचा कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या पद्धतीने आणि कोणाच्या बाजूने काढला आहे, हे विचारण्याचे अगत्य यात आहे.

मोजल्यानंतर

मोजमापाने रोग बरा होत नाही, हे खरे. पण या रोगाच्या बाबतीत मोजणे आणि उपचार यांत अंतर थोडे आहे. ज्याचा रक्तदाब वाढलेला सापडला, त्याला त्याच दिवशी तसे सांगता येते. रक्तदाब उतरविणारी पुष्कळ औषधे आज स्वस्त आहेत. भारतीय उद्योगांतील पाहणीचा पुढचा टप्पा याच दिशेने झाला. काही उद्योगांत तंबाखू, मीठ, तेल आणि व्यायाम यांविषयी शिक्षण, उपाहारगृहांतील सुधारणा आणि धोका असलेल्यांना वैद्यकीय मदत असा कार्यक्रम काही वर्षे राबविण्यात आला. तुलनेसाठी एका ठिकाणी तो राबविला नव्हता. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कार्यक्रम झालेल्या ठिकाणी वजन, रक्तदाब, रक्तशर्करा व कोलेस्टेरॉल यांची सरासरी उतरली, तर तुलनेच्या ठिकाणी ती चढली.

झटका आल्यानंतरच्या काळाविषयीही मोजणीने काही शिकविले आहे. देशभरातील ८९ रुग्णालयांत आलेल्या २०,४६८ रुग्णांची नोंद करणारा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचण्यास लागलेल्या वेळाचा मध्यांक ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास, निघाला. हृदयाचा स्नायू प्रत्येक मिनिटास मरत असताना निम्म्या रुग्णांचे सहा तास अथवा त्याहून अधिक वाटेतच गेले होते. तीस दिवसांच्या आत दगावणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंतांत ५.५ टक्के, तर गरिबांत ८.२ टक्के होते. संशोधकांनी मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात घेतला, तेव्हा हे अंतर नाहीसे झाले. गरिबांचे अधिक मृत्यू हे त्यांना कमी उपचार मिळाल्याचे फळ होते, असा याचा अर्थ होतो. छातीत कळ येऊन डाव्या हाताकडे, मानेकडे वा जबड्याकडे जात असेल, घाम फुटला असेल, तर ‘वायू झाला’ म्हणून पाळी संपण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे, एवढे ज्ञान खात्यातील प्रत्येकाला असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

एखाद्या गिरणीला वा कारखान्याला हे मोजमाप करावयाचे झाले, तर त्यास पाच गोष्टी लागतील : बदली कामगारांसह सर्वांची यादी, वर्षातून एकदा पट्टा बांधून घेतलेला प्रत्येकाचा रक्तदाब, काम सोडून गेलेल्यांचा पत्ता आणि त्यांची पुढील हकीकत, कामावर परतलेल्यांच्या क्षमतेची नोंद, आणि घरच्यांनी गमावलेल्या मजुरीची चौकशी. यांतील एकही गोष्ट खर्चिक यंत्रांवर अवलंबून नाही. यांपैकी जी वगळली जाईल, तिच्यापुरता खर्च कागदावरून पुसला जातो. पण तो कोणीतरी भरतच असतो, आणि बहुतेक वेळा तो भरणारे कामगाराचे घर असते.